नसल्याची खात्री : घरच्या ओव्हनमधला ग्लूटेनमुक्त कॉबलर



आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसांचं ओव्हनपाशी काय काम, असा प्रश्न आजचा विषय वाचून तुम्हाला पडला असेल, तर तो रास्त आहे. त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं : अभाव. 'ग्लूटेनमुक्त' हा शब्द पदार्थात काय आहे ते सांगत नाही, काय नाही ते सांगतो. आणि 'नाही' हे कशावरून ठरवायचं, यावर आपल्याकडच्या नैयायिकांनी आणि मीमांसकांनी भरपूर वाद घातले आहेत. तोच वाद आज आपण स्वयंपाकघरात नेऊ. व्याख्यान संपेल तेव्हा तुमच्याजवळ एक पाककृतीही असेल, मापांसकट. तेव्हा वही-पेन जवळ ठेवा.

ग्लूटेन म्हणजे काय?

मूठभर मैदा पाण्यात घट्ट भिजवा, चांगला मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. मग तो गोळा पाण्याच्या भांड्यात बुडवून हलक्या हाताने चोळत राहा. पाणी दुधासारखं पांढरं होतं, तो स्टार्च. पाणी बदलत राहिलात की शेवटी हातात एक करडा, रबरासारखा ताणला जाणारा गोळा उरतो. तेच ग्लूटेन. बोलोन्याच्या बेकारी नावाच्या इटालियन विद्वानांनी हेच करून पाहिलं होतं, आणि त्याचा वृत्तांत १७४५ साली छापला गेला. (ज्या घरात ग्लूटेन वर्ज्य असलेलं माणूस आहे, तिथे मात्र हा प्रयोग करू नका. का, ते पुढे येईलच.)

गव्हात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन नावाची दोन प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंतून जाळं तयार करतात. पोळी लाटताना कणीक फाटत नाही ती या जाळ्यामुळे. पाव फुगतो तोही याच्यामुळेच. आतला वायू जाळ्यात अडकून राहतो. आता भाकरी आठवा. ज्वारीच्या पिठात हे जाळं नाही, म्हणून भाकरी आपण थापतो आणि कडा फाटू नयेत म्हणून पीठ गरम पाण्यात भिजवतो. गरम पाण्याने थोडा स्टार्च शिजतो, चिकट होतो आणि बांधणीचं काम करतो. उकडीच्या मोदकाची पारी वळते तीही याच न्यायाने. तेव्हा ग्लूटेनशिवाय पीठ बांधायची विद्या आपल्याकडे नवीन नाही, हे आधी लक्षात घ्या.

हे कुणासाठी?

सीलिअॅक नावाचा एक आजार आहे. ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षणव्यवस्था लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. अन्न शोषून घेणारे बारीक अंकुर झिजतात. मग मुलांची वाढ खुंटते, रक्त कमी होतं, पोट बिघडत राहतं. कुणाकुणाला तर वरकरणी काहीच जाणवत नाही आणि आत नुकसान चालूच राहतं. विलेम कारेल डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांनी गहू आणि हा आजार यांचा संबंध दाखवून दिला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. त्या उपासमारीत ही आजारी मुलं सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा ढासळली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. १९५० साली त्यांनी त्यावर आपला प्रबंध सादर केला.

या आजारावर आज तरी गोळी नाही. ग्लूटेन जन्मभर पूर्ण बंद, हाच उपचार. आणि एक कळकळीची सूचना : आपल्याला किंवा मुलाला हा त्रास असावा अशी शंका आली, तर तपासणीआधी गहू सोडू नका. रक्ततपासणी आणि गरज पडल्यास आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी, दोन्ही माणूस गहू खात असतानाच नीट उत्तर देतात. आधीच गहू बंद केला, तर आजार असूनही तपासणीत दिसत नाही.

आमच्या घरात ही गोष्ट आली नातीमुळे. औषधपाण्यापेक्षा अवघड निघाली ती पंगत. वाढदिवसाला सगळ्या मुलांच्या ताटलीत केक, आणि हिच्या हातात घरून आणलेला डबा. सात वर्षांच्या मुलीला पदार्थ वेगळा मिळाल्याचं फारसं काही वाटत नाही. आपण वेगळे पडलो, हे मात्र तिला लगेच कळतं. म्हणून आम्ही घरात एक ठरवून टाकलं : गोड करायचं ते एकाच भांड्यात, आणि सगळ्यांनी त्याच भांड्यातून घ्यायचं. पण एकाच भांड्यातलं सगळ्यांनी खायचं, तर ते भांडं निर्धोक आहे ही खात्री हवी.

कॉबलरच का?

कॉबलर हा अमेरिकेतला पदार्थ. युरोपातून तिथे गेलेल्या लोकांना घरची पुडिंगं आणि पाय करायला हाताशी साधनं नव्हती. मग लोखंडी भांड्यात फळं घालायची, वर चमच्याने पिठाचे गोळे सोडायचे, झाकण ठेवून वर-खाली निखारे घालायचे. भाजल्यावर वरचा थर गोट्यांच्या रस्त्यासारखा उंचसखल दिसतो. दक्षिणेकडच्या राज्यांत पीचचा कॉबलर उन्हाळ्यात घरोघर होतो. वर-खाली निखाऱ्यांची ही रीत कोकणातल्या माणसाला परकी वाटणार नाही. तवसाचं धोंडस असंच भाजत, आणि त्यात तांदळाचा रवा असतो, गहू नसतो.

आता बघा, पावाला उंच फुगायचं असतं. तिथे जाळं नसेल तर ते उणं दिसतं. पायची पारी लाटावी लागते, ती फाटते. केकचा तुकडा सुरीने कापून ताटलीत उभा राहावा लागतो. कॉबलरला यातलं काहीच करायचं नसतं. गोळे लाटायचे नाहीत, उंच फुगवायचे नाहीत, कापायचेही नाहीत. चमच्याने वाढायचं, आणि पीठ जरा भुसभुशीत झालं तर फळांचा रस ते सांभाळून घेतो. गव्हाच्या पदार्थाची नक्कल करायला गेलं की ग्लूटेनची उणीव पदोपदी जाणवते. ज्या पदार्थाला मुळात त्याची फारशी गरजच नाही, तो निवडला की ती उणीव खाणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला आम्ही कॉबलर सुचवतो.

'गहू नव्हे' आणि 'गहू नाही'

आता थोडा न्याय. अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त सात पदार्थ सांगितले आहेत, त्यातला सातवा अभाव. अभाव नुसता नसतो; तो कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, त्याला म्हणायचं प्रतियोगी. तेव्हा पहिला प्रश्न : आपल्या अभावाचा प्रतियोगी कोण? गहू, की ग्लूटेन? पाकिटावर 'गहू नाही' असं छापलेलं असलं, तरी आत जव असू शकतो, आणि जवातलं प्रथिनही तितकंच अपायकारक. राय या धान्याचंही तेच. माल्ट म्हणजे बहुधा जवच; सातू म्हणजे तर जवच. रवा, दलिया, बहुतेक शेवया हे सगळं गव्हाचं. प्रतियोगी चुकीचा धरला की पुढची सगळी खबरदारी वाया जाते.

दुसरा भेद जास्त महत्त्वाचा. अभाव मुख्यतः दोन तऱ्हांचा. घट म्हणजे पट नव्हे, हा अन्योन्याभाव. जमिनीवर घट नाही, हा संसर्गाभाव. आता ज्वारीकडे या. 'ज्वारी म्हणजे गहू नव्हे' हे अगदी खरं. पण त्यावरून 'या ज्वारीच्या पिठात गहू नाही' हे सिद्ध होतं का? मुळीच नाही. ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि दुसऱ्याला स्वतंत्र पुरावा लागतो. लोक बरोबर इथेच फसतात. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, शिंगाडा, वरी यांच्यात ग्लूटेन जन्मतः नाही. पण आपण दळण टाकतो कुठे? कोपऱ्यावरच्या गिरणीत. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झालेला असतो, जात्याच्या पाळीत आणि पोत्याच्या तोंडाशी पीठ साचलेलं असतं, आणि त्यावरच आपली ज्वारी पडते.

तिसरी गोष्ट प्रमाणाची. नसलेली वस्तू आपण जाणतो कशी? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, अनुपलब्धीने. म्हणजे ती दिसत नाही यावरून. पण त्यांनी त्याला एक अट घातली आहे. न दिसणं प्रमाण केव्हा? ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून 'घडा नाही' असं म्हणता येत नाही.

मग हिशेब करू. ग्लूटेनमुक्त म्हणवून घेण्याची मर्यादा आपल्या देशातही आणि आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकातही एका किलोला २० मिलिग्रॅम आहे. एक ग्रॅम कणकेत ग्लूटेन साधारण ८० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक किलो पदार्थात पाव ग्रॅम कणीक गेली की मर्यादा गाठली. पाव ग्रॅम म्हणजे लहानशी चिमूट. ती पांढऱ्या पिठात दिसेल? चाळणीच्या जाळीत अडकलेली, लाकडी पोळपाटाच्या चिरेत बसलेली दिसेल? दिसणार नाही. तेव्हा 'आम्हाला काही दिसत नाही' हे इथे प्रमाणच नव्हे. अंधाऱ्या खोलीतला घडा आहे तो. आणि भाजल्याने जंतू मरतात, पण ग्लूटेन ओव्हनच्या उष्णतेत निर्धोक होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

डोळ्यांचा पुरावा चालत नसेल, तर वाट एकच उरते : वस्तू कुठून आली आणि कुठे कुठे लागली, तिचा प्रवास माहीत असणं. त्यासाठी घरात काय करायचं ते सांगतो.

पीठ 'ग्लूटेनमुक्त' असा स्पष्ट उल्लेख असलेलं, बंद पाकिटातलं घ्या. किंवा धान्य दाणा-दाणा निवडून, धुऊन, वाळवून, ज्यात गहू कधीच गेला नाही अशा घरघंटीत दळा. बेकिंग पावडर, कॉर्नफ्लोअर, पिठीसाखर यांची पाकिटं वाचा. बेकिंग पावडरमध्ये स्टार्च असतो, तो मक्याचा आहे ना, ते बघा. एरवीच्या स्वयंपाकातला हिंगही तपासा. बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं. चाळणी, लाकडी उलथनं, पोळपाट-लाटणं आणि ओरखडे पडलेली नॉनस्टिक भांडी वेगळी ठेवा, कारण ती पुरती धुतली जात नाहीत. काच आणि स्टील साबणाने नीट घासलं की चालतं. लोण्याच्या डब्यात पोळीला लावलेला चमचा पुन्हा जाणार असेल, तर ते लोणी घेऊ नका. आणि पोळ्यांच्या आधी कॉबलर करा, नंतर नको. कणकेची धूळ हवेत राहते आणि मग ओट्यावर बसते.

हे ऐकून कुणाला सोवळं आठवेल. सारखेपणा आहे खरा : वेगळी भांडी, शिवाशिवीचा विचार, क्रम. पण सोवळ्याने माणसं पंगतीबाहेर ठेवली. इथे आपण एक पीठ बाहेर ठेवतो, ते एका माणसाला पंगतीत घेण्यासाठी. हा फरक घरातल्या मोठ्यांना आधी समजावून सांगावा. मग 'एवढ्याशाने काय होतंय' हे वाक्य फारसं ऐकू येत नाही.

कृती

आता लिहून घ्या. हे माप सहा जणांचं, आठ इंची चौकोनी, खोलगट काचेच्या भांड्याचं. चमचा म्हणजे मापाचा, ५ मिलिलिटरचा.

फळांसाठी : पीच ५०० ग्रॅम आणि आलुबुखार ३०० ग्रॅम, बिया काढून केलेलं वजन. साखर ८० ग्रॅम, आलुबुखार फार आंबट असतील तर १००. कॉर्नफ्लोअर १५ ग्रॅम, लिंबाचा रस ३ चमचे, चिमूटभर मीठ, थोडी वेलचीपूड. पीच-आलुबुखार हिमाचलातून येतात ते उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडावर. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि सफरचंद अर्धं-अर्धं घ्या. स्ट्रॉबेरीला पाणी जास्त सुटतं, म्हणून कॉर्नफ्लोअर २० ग्रॅम करा.

वरच्या थरासाठी : तांदळाचं बारीक पीठ ८० ग्रॅम, ज्वारीचं पीठ ६० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ३० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड चमचा, खायचा सोडा पाव चमचा, मीठ पाव चमचा, इसबगोलाची भुशी २ चमचे. फ्रिजमधलं थंड लोणी ६० ग्रॅम, दही १५० ग्रॅम, दूध लागेल तसं, ४० मिलिलिटरपर्यंत.

प्रत्येकाचं काम सांगतो, म्हणजे एखादी वस्तू बदलायची झाली तर विचार करता येईल. नुसतं तांदळाचं पीठ वापरलं तर दाताला रवाळ लागतं. ज्वारी त्याला चव आणि अंग देते. कॉर्नफ्लोअर हलकेपणा आणतं. इसबगोल पाणी धरून चिकट होतो, म्हणजे भाकरीत गरम पाण्याने जे साधतो ते काम तो करतो. दह्याचा आंबटपणा सोड्याला जागं करतो. लोणी थंडच हवं, कारण त्याचे तुकडे ओव्हनमध्ये वितळतात तेव्हा तिथे पोकळ्या राहतात आणि थर खुसखुशीत होतो.

ओव्हन १९० अंशांवर तापत ठेवा. भांड्याला लोणी लावा. फळांच्या जाड फोडी करून त्यात साखर, कॉर्नफ्लोअर, लिंबू, मीठ, वेलची कालवा आणि भांड्यात पसरून १५ मिनिटं तशीच भाजा. ही पायरी गाळू नका. थंड फळांवर गोळे ठेवले, तर त्यांचा तळ कच्चा, पिठूळ राहतो. खालून गरम रस मिळाला तर तो वाफेवर शिजतो.

तेवढ्यात कोरडी पिठं एकत्र करा, लोण्याचे लहान तुकडे घालून बोटांच्या टोकांनी चोळा. वाटाण्याएवढे काही तुकडे राहिले तरी हरकत नाही. दही घाला, मग दूध बेताबेताने. भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट, चमच्यावरून आपसूक न ओघळणारं पीठ हवं. १० मिनिटं राहू द्या, इसबगोल फुलतो आणि तांदूळ मऊ पडतो. गव्हाचं असतं तर जास्त ढवळू नका असं सांगावं लागलं असतं, कारण जाळं घट्ट होऊन थर चिवट होतो. इथे जाळंच नाही, तेव्हा ती भीती नाही.

गरम फळांवर चमच्याने आठ-नऊ गोळे सोडा. मध्ये फटी राहू द्या, वाफ तिथूनच बाहेर पडते. वर चमचाभर साखर भुरभुरा. पुन्हा ३० ते ३५ मिनिटं भाजा. झालं कसं ओळखायचं? वरचा रंग सोनेरी, कडा गडद. आणि फटींतून येणारा रस कडेलाच नव्हे तर मध्यभागीही जाड बुडबुड्यांनी खदखदतो आहे. रस उकळल्याशिवाय कॉर्नफ्लोअर नीट दाट होत नाही. मधला एक गोळा काट्याने उचकटून पाहा. आत ओलसर चिखल दिसला तर आणखी ५ मिनिटं द्या. वरून फार लाल होत असेल तर फॉईल झाका.

बाहेर काढल्यावर निदान २० मिनिटं थांबा. रस तोवर दाटतो. ग्लूटेन नसलेली पिठं थंड झाली की लवकर कडक पडतात, म्हणून हा पदार्थ त्याच दिवशी संपवावा. उरलाच तर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्येच १६० अंशांवर १० मिनिटं गरम करा.

ओव्हन गव्हाच्या पदार्थांनाही वापरत असाल, तर जाळी धुऊन घ्या, भांडं वरच्या कप्प्यात ठेवा आणि त्याच वेळी खाली पाव-नानकटाई भाजू नका. वाढताना कॉबलरचा चमचा कॉबलरमध्येच राहील, एवढं घरातल्या एका माणसाने बघावं. पाहुणे आले की सगळे नियम तंतोतंत पाळलेलं भांडंसुद्धा एका चुकीच्या चमच्याने बिघडतं. ज्याला वर्ज्य आहे त्याला पहिल्यांदा वाढा. कुणाला न दुखवता हा धोका टळतो. आणि आपण दुसऱ्याकडे जाताना हा पदार्थ नेणार असाल, तर त्यात काय आहे, पिठं कुठली आणि भांडी कुठली, हे यजमानांना सांगा. दुसऱ्याच्या घरी 'ग्लूटेन नाही' हे नुसत्या विश्वासावर घ्यावं लागतं. विश्वासालाही आधार लागतो, आणि तो आधार ही माहितीच देते.

आपल्या शास्त्रकारांनी 'नाही' या शब्दाला पुरावा मागितला, तो वादात जिंकण्यापुरता नव्हता. 'नाही' म्हणताना जबाबदारी आपल्यावर येते, हे त्यांना कळलं होतं. 'यात काही नाही गं, खा तू' हे वाक्य आपण एखाद्या लहान मुलीला म्हणतो, तेव्हा ती आपल्या शब्दावर विसंबून घास घेते. तो शब्द पिठाच्या पाकिटापासून चमच्यापर्यंत तपासलेला असावा, इतकंच आज सांगायचं होतं.

पुढच्या वेळी प्रागभाव घेऊ. तोवर कुणी कॉबलर केला, तर कुठली फळं वापरली आणि दूध किती लागलं, ते जरूर कळवा. ज्वारी आणि तांदूळ कुठले, त्यावर ते थोडंफार बदलतं.